‘तिराज’ला नुसते ‘प्रिंट’ म्हणून भागते का? फ्रेंच छायाचित्रणसंज्ञांचे इंग्रजी करताना

दुभाषी_पुणे (धागाकर्ती)

नमस्कार. गेली बारा वर्षे मी फ्रेंचमधून इंग्रजीत भाषांतर करते. बहुतेक काम यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचे आणि करारनाम्यांचे असते. या वर्षी प्रथमच एका दिवंगत फ्रेंच छायाचित्रकाराच्या संग्रहाची सूची आणि त्याचे फोटो कागदावर उतरवून देणाऱ्या कारागिराची दीर्घ मुलाखत हाती आली, आणि पहिल्याच खेपेला मी तोंडघशी पडले. मुलाखतीत एका म्हाताऱ्या कोळ्याच्या चित्राविषयी बोलताना कारागीर म्हणतो की, या चेहऱ्याला पुष्कळ ‘माकियाज’ करावा लागला. माकियाज म्हणजे रंगभूषा, हे फ्रेंचच्या पहिल्या वर्षीच शिकलेले असल्यामुळे कोळ्याने भरपूर मेकअप केला होता, असे इंग्रजी वाक्य लिहून मी पुढे गेले. संपादिकेने मजकूर परत पाठवताना समासात एवढेच विचारले होते की, पहाटे चारला होडी काढणाऱ्या या माणसाला रंगवायला कोण गेले होते?

तेव्हापासून मी एक गोष्ट ताडून पाहते आहे. ‘स्तेनोपे’सारखा अगदी अनोळखी शब्द आला की माणूस आपसूक सावध होतो, शोध घेतो आणि ‘पिनहोल’पर्यंत पोहोचतो. फसगत होते ती ओळखीच्या शब्दांत. सूचीतल्या एकाच नोंदीत ‘क्लिशे’, ‘एप्रव्ह’ आणि ‘तिराज’ हे तीनही शब्द आलेले आहेत आणि आधीच्या कोणा भाषांतरकाराने तिन्ही ठिकाणी ‘फोटोग्राफ’ घातल्यामुळे इंग्रजी वाक्याचा अर्थ ‘हा फोटो १९३२चा आहे, पण हा फोटो १९५०च्या सुमाराचा आहे’ असा होऊन बसला आहे. फ्रेंचमध्ये यात काहीच विसंगती नाही, कारण क्लिशे म्हणजे तिथे निगेटिव्ह आहे आणि तिराज म्हणजे त्यावरून नंतर काढलेली प्रत.

माझे मत असे बनत चालले आहे की, या क्षेत्रात शब्दाला प्रतिशब्द शोधण्याआधी त्या वाक्याच्या क्षणी टेबलावर नेमकी कोणती वस्तू आहे, हे ठरवावे लागते. काच आहे, फिल्म आहे, कागद आहे की छापील पान? ज्यांनी प्रत्यक्ष हे काम केले आहे किंवा फ्रान्समध्ये ज्यांचा या मंडळींशी संबंध येतो, त्यांनी कृपया लिहावे.

अंधारखोली

ताई, फ्रेंच मला ओ की ठो कळत नाही, परंतु तुमच्या कोळ्याला रंगवणारा माणूस मीच आहे असे समजा. कोल्हापुरात एका स्टुडिओच्या डार्करूममध्ये २२ वर्षे मी हेच केले.

एनलार्जरचा, म्हणजे निगेटिव्हवरून कागदावर मोठे चित्र पाडणाऱ्या यंत्राचा, दिवा लागल्यापासून विझेपर्यंत वीस-पंचवीस सेकंद मिळतात. तेवढ्या वेळात प्रकाश कागदावर सगळीकडे सारखा पडू द्यायचा की नाही, हे कारागिराच्या हातात असते. टोपीखालचे डोळे काळेठिक्कर येणार असतील, तर बारीक तारेच्या टोकाला चिकटवलेली रुपयाएवढी पुठ्ठ्याची चकती त्या भागावर धरायची, म्हणजे तिथे प्रकाश कमी पोहोचतो आणि डोळे उजळ राहतात. चकती सतत हलती ठेवावी लागते. स्थिर राहिली तर तिची कडा कागदावर उमटते आणि कागद वाया जातो. याच्या उलट, कपाळ फार पांढरे येत असेल, तर मधोमध भोक पाडलेला मोठा पुठ्ठा धरून तेवढ्याच भागावर आणखी आठ-दहा सेकंद प्रकाश सोडायचा. आम्ही पहिल्याला डॉजिंग आणि दुसऱ्याला बर्निंग म्हणत होतो. उन्हात रापलेल्या, टोपी घातलेल्या माणसाचा चेहरा म्हणजे या दोन्हींची परीक्षाच असते. तुमचा कारागीर दोन्हींना मिळून माकियाज म्हणत असेल, तर त्याने शब्द फार नेमका निवडला आहे, कारण काम खरोखर चेहऱ्यावर हात फिरवण्यासारखेच चालते.

दुभाषी_पुणे

काका, अगदी तोच अर्थ आहे. फ्रेंच डार्करूममध्ये माकियाज म्हणजे तुमचे डॉजिंग आणि बर्निंग. इंग्रजी वाक्य आता ‘या चेहऱ्यासाठी बरेच डॉजिंग-बर्निंग करावे लागले’ असे होईल. रंगभूषेची प्रतिमा त्यात हरवते याची चुटपुट लागली आहे. पण ती राखायला गेले तर कोळी पुन्हा पावडर लावून उभा राहील.

त्याच परिच्छेदात ‘रपिक’ हा शब्द आहे. शब्दकोशात ‘पुन्हा टोचणे’ आणि ‘रोपे पुन्हा लावणे’ असे अर्थ मिळाले. कारागीर म्हणतो की, रपिक त्याची बायको करत असे, कारण तिचा हात स्थिर होता.

अंधारखोली

ते स्पॉटिंग असणार. निगेटिव्हवर धुळीचा कण बसला असेल तर तेवढ्या जागी प्रकाश अडतो आणि प्रिंटवर पांढरा ठिपका राहतो. सर्वांत बारीक ब्रश घ्यायचा, ओठांवर त्याचे टोक करायचे, करड्या रंगात बुडवून जवळजवळ कोरडा करायचा आणि रेघ न ओढता फक्त टोक टेकवत टेकवत तो ठिपका भोवतीच्या छटेत मिसळून टाकायचा. ‘टोचणे’ हा अर्थ म्हणूनच आला असावा. आमच्याकडेही हे काम मालकांच्या आई करत, खिडकीपाशी बसून, दुपारच्या उजेडात.

रेवती_लियों

मी गेली नऊ वर्षे लियोंमध्ये राहते आणि छायाचित्रांच्या प्रदर्शनांशी संबंधित कार्यालयीन काम करते, त्यामुळे ‘तिराज’वर थोडे सविस्तर लिहिते.

फ्रेंच नोंदींमध्ये ‘प्रीझ द व्ह्यु’ची तारीख आणि ‘तिराज’ची तारीख अशा दोन तारखा वेगळ्या देण्याची पद्धत आहे. पहिली शटर उघडल्याची, दुसरी कागद धुऊन वाळवल्याची. इंग्रजी सूचीत यांना अनुक्रमे ‘निगेटिव्ह’ आणि ‘प्रिंट’ अशी नावे देऊन पुढे वर्षे लिहितात. प्रीझ द व्ह्युचे शब्दशः ‘दृश्य घेणे’ किंवा ‘शूटिंग’ करू नये. सूचीत ते फारच विचित्र दिसते. ‘तिराज देपोक’ या शब्दप्रयोगातल्या ‘एपोक’चा कोणत्याही ऐतिहासिक कालखंडाशी संबंध नाही. छायाचित्र घेतले त्याच सुमारास काढलेली प्रत, एवढाच त्याचा अर्थ, आणि इंग्रजीत त्याला ‘व्हिंटेज प्रिंट’ हा रूढ शब्द आहे. लिलावात या एका शब्दाने किमतीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो, त्यामुळे येथे मोघमपणा परवडत नाही.

तिराजचा दुसरा अर्थ प्रकाशनव्यवसायातला. पुस्तकाच्या शेवटी ‘तिराज : १५०० प्रती’ असे असेल, तर ती छापलेल्या प्रतींची संख्या आहे, म्हणजे इंग्रजीत ‘प्रिंट रन’. गंमत अशी की, छायाचित्रांच्या बाबतीतही तिराजला संख्येचा वास येतोच. फ्रेंच करकायद्याप्रमाणे छायाचित्राला मूळ कलाकृतीचा दर्जा मिळण्यासाठी ते कलावंताने स्वतः किंवा त्याच्या देखरेखीखाली कागदावर उतरवलेले, त्याची सही आणि क्रमांक असलेले आणि सर्व आकार व सर्व माध्यमे मिळून जास्तीत जास्त ३० प्रतींतले असावे लागते. म्हणून करारात ‘तिराज लिमिते’ आले की ‘लिमिटेड प्रिंट’ असे न लिहिता ‘लिमिटेड एडिशन’ लिहावे.

‘एप्रव्ह’बद्दल माझा सल्ला थोडा बेफिकीर वाटेल. एकोणिसाव्या शतकातल्या छायाचित्रांना फ्रेंच अभ्यासक सहसा एप्रव्ह म्हणतात आणि विसाव्या शतकातल्यांना तिराज. इंग्रजीत दोन्हींना ‘प्रिंट’ म्हणावे आणि शांत झोपावे. ‘प्रूफ’ मात्र लिहू नये. प्रूफ म्हटले की इंग्रजी वाचकाला ती कच्ची, तपासणीसाठी काढलेली प्रत वाटते.

खिळेजुळारी

रेवतीताईंनी प्रकाशनव्यवसायाचे दार उघडलेच आहे, तर मीही आत येतो. या क्षेत्रातला सर्वांत वाईट खड्डा छायाचित्र आणि छपाई यांच्या सीमेवर आहे, आणि त्यात चांगली जाणती माणसे पडलेली मी पाहिली आहेत.

फ्रेंच ‘एलिओग्राव्ह्युर’ म्हणजे इंग्रजी ‘फोटोग्राव्ह्यूर’. फ्रेंच ‘फोतोग्राव्ह्युर’ मात्र इंग्रजी ‘फोटोग्राव्ह्यूर’ नव्हे. आणि फ्रेंच ‘फोतोतिपी’ म्हणजे इंग्रजीत ‘कोलोटाइप’. या तीन वाक्यांचा कागद भिंतीवर चिकटवून ठेवावा.

आता यामागची वस्तू पाहू. एलिओग्राव्ह्युरमध्ये तांब्याचा पत्रा असतो. त्यावर राळेची बारीक पूड बसवून तापवतात, वर प्रकाश दाखवलेला जिलेटिनचा थर चढवतात आणि फेरिक क्लोराइडच्या द्रावणाने पत्रा कमी-अधिक खोल खोदतात. जिथे खोल तिथे शाई जास्त, म्हणून काळा रंग मखमलीसारखा येतो. ही पद्धत व्हिएन्नात कारेल क्लिच याने १८७९मध्ये पूर्णत्वाला नेली. फोतोतिपीमध्ये जाड काचेवर बायक्रोमेट मिसळलेला जिलेटिनचा थर असतो. निगेटिव्हखाली धरल्यावर जिथे प्रकाश लागतो तिथे जिलेटिन टणक होते आणि तेलकट शाई धरते. जिथे लागत नाही तिथे ते ओलावा धरते आणि शाई झटकते. छपाईच्या जाळीचे ठिपके त्यात नसतात. भिंगाखाली पाहिले तर सुरकुतलेल्या सायीसारखी नक्षी दिसते. या तंत्राचा पाया फ्रान्समध्ये आल्फाँस प्वातव्हँने १८५५मध्ये घातला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या असंख्य फ्रेंच पोस्टकार्डांवर कडेला बारीक अक्षरांत ‘फोतोतिपी’ असे छापलेले आढळते. त्याचे इंग्रजीत ‘फोटोटाइप’ करणे म्हणजे वाचकाला काहीच न सांगणे.

राहिला फ्रेंच फोतोग्राव्ह्युर. आपल्याकडे ऑफसेट येण्यापूर्वी वर्तमानपत्रात फोटो छापायचा तर त्याचा ब्लॉक, म्हणजे धातूचा ठसा, करायला द्यावा लागे. फ्रेंच फोतोग्राव्हर म्हणजे मुळात आपला ब्लॉकमेकर. पुढे ब्लॉक गेले, रंग वेगळे करून चार फिल्म काढण्याचे काम आले, नंतर तेही संगणकावर गेले. माणसाचे नाव तेच राहिले. त्यामुळे आजच्या फ्रेंच पुस्तकाच्या श्रेयनामावलीत फोतोग्राव्ह्युर अमुक यांचे, असे असेल तर इंग्रजीत ‘प्री-प्रेस’ किंवा ‘कलर सेपरेशन’ लिहावे. तिथे ‘फोटोग्राव्ह्यूर’ लिहिले, तर साध्या ऑफसेटवर छापलेले पुस्तक तांब्याच्या पत्र्यावरून छापले, असे होईल.

जाता जाता, ‘क्लिशे’ हा शब्दही आमच्याच घरचा. मुळात तो ओतीव धातूचा ठसा, पुन्हापुन्हा वापरायचा. त्यातूनच वापरून गुळगुळीत झालेली उक्ती हा अर्थ आला, आणि इंग्रजीने तेवढाच उचलला.

क्लिकक्लिक

मी छंद म्हणून फोटो काढतो, त्यामुळे वरच्या चर्चेपुढे माझा प्रश्न बाळबोध वाटेल. फ्रेंच संकेतस्थळांवर कॅमेऱ्यांची परीक्षणे वाचताना ‘इब्रिद’ म्हणजे हायब्रिड कॅमेरा कोणता, हे मला कळत नाही. इंग्रजी यादीत तसा प्रकारच नाही.

रेवती_लियों

इब्रिद म्हणजे इंग्रजीतला ‘मिररलेस’. फ्रेंचांनी आरसा नाही हे न सांगता कॉम्पॅक्ट आणि रिफ्लेक्स (आरशाचा कॅमेरा) यांचा संकर, असे नाव दिले आहे. उपकरणांच्या बाबतीत असे बरेच आहे, पण ते एकदा पाठ केले की संपते. फ्रेंच ‘कामेरा’ चलच्चित्राचा किंवा व्हिडिओचा. स्थिरचित्राचा कॅमेरा ‘आपारेय फोतो’. ‘ऑब्जेक्तिफ’ म्हणजे लेन्स, तर ‘लांतीय’ म्हणजे त्या लेन्सच्या आतले एकेक भिंग. मराठीत आपण ‘लेन्स’ आणि ‘भिंग’ असा जो भेद करतो, जवळपास तसाच. ‘फोकाल फिक्स’ला ‘प्राइम लेन्स’ म्हणावे. ‘चोवीस बाय छत्तीस’ हे मिलिमीटरमधले चौकटीचे माप आहे. इंग्रजीत त्याच फिल्मला तिच्या रुंदीवरून ‘पस्तीस मिलिमीटर’ म्हणतात, म्हणून आकडा बदलूनच लिहावा लागतो. ‘वीस बाय पंचवीसची शांब्र’ म्हणजे २० बाय २५ सेंटिमीटरची खोली नसून आठ बाय दहा इंची व्ह्यू कॅमेरा, म्हणजे तिपाईवरचा मोठा कॅमेरा, आहे.

दुभाषी_पुणे

शांब्रचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. ‘शांब्र नुआर’ला मी सरसकट ‘डार्करूम’ करत होते. सूचीच्या प्रस्तावनेत १८३९चा, म्हणजे दागेरची छायाचित्रणाची पद्धत जाहीर झाली त्या वर्षाचा उल्लेख आला आणि त्यात शांब्र नुआरमध्ये पत्रा ठेवून तो खिडकीकडे वळवल्याचे वाक्य आले, तेव्हा सुदैवाने थबकले. खोली कशी वळवणार? तिथे तो कॅमेरा ऑब्स्क्युरा आहे, म्हणजे समोर भिंग किंवा बारीक भोक असलेली अंधारी पेटी.

‘पोझ’ने मात्र मला अजून सोडलेले नाही. ३६ पोझची फिल्म म्हणजे आपला ३६चा रोल, इंग्रजीत ‘थर्टी-सिक्स एक्स्पोजर’. एवढे सरळ आहे. ‘तां द पोझ’ म्हणजे ‘एक्स्पोजर टाइम’, हेही सरळ. पण जुन्या व्यक्तिचित्राविषयी ‘पोझ आठ सेकंद चालली’ असे वाक्य असेल, तर आठ सेकंद झाकण उघडे होते असे म्हणायचे, की समोरचा माणूस आठ सेकंद निश्चल बसला होता असे? त्या काळी दोन्ही एकच असल्यामुळे फ्रेंचला निवड करावी लागत नाही, इंग्रजीला लागते. पुढच्या वाक्यात कॅमेऱ्याविषयी मजकूर असेल तर ‘एक्स्पोजर’ आणि मानेला मागून आधार देणाऱ्या लोखंडी दांड्याचा उल्लेख असेल तर ‘सिटिंग’, असे मी ठरवले आहे.

दुसरे उदाहरण ‘बूजे’चे. एका नर्तकीच्या चित्राखाली हात किंचित बूजे आहे, असे लिहिले आहे. बूजे म्हणजे हलल्यामुळे आलेली अस्पष्टता. कोण हलले, हे फ्रेंच सांगत नाही. कॅमेरा हलला असेल तर ‘कॅमेरा शेक’, आणि नर्तकी हलली असेल तर ‘मोशन ब्लर’. पहिला दोष, दुसरी कदाचित हेतुपूर्वक केलेली गोष्ट.

क्लिकक्लिक

चित्र तुमच्याकडे आहे ना? मागची फरशी बघा. फरश्यांच्या सांध्यांची रेघ धारदार असेल, तर कॅमेरा हललेला नाही.

दुभाषी_पुणे

पाहिले. सांधे सुरीने कापल्यासारखे आहेत. ‘मोशन ब्लर’ लिहिले. आपला प्रश्न बाळबोध नव्हता, आणि उत्तर तर मुळीच नाही.

मूळशब्दवादी

मला या सगळ्या खटाटोपाबद्दल एक मूलभूत शंका आहे. इंग्रजीने छायाचित्रणातले कितीतरी फ्रेंच शब्द जसेच्या तसे ठेवले आहेत. ‘कोंत्र-जूर’ आहे, पॅरिसचा छायाचित्रकार दिझदेरी याने १८५४मध्ये पेटंट घेतलेले ‘कार्त द व्हिझित’ आहे, चित्रकार कोरो आणि त्याच्या मित्रांनी केलेले ‘क्लिशे-व्हेर’ आहे. मग माकियाज आणि रपिकही तिरप्या अक्षरांत ठेवून एकदा तळटीप का देऊ नये? भाषांतर करताना काय हरवते याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण तर आपल्यासमोर आहे. फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँच्या १९५२च्या पुस्तकाचे फ्रेंच नाव ‘इमाज आ ला सोव्हेत’. ‘आ ला सोव्हेत’ हे पॅरिसच्या रस्त्यावर परवान्याशिवाय माल विकणाऱ्याचे वर्णन आहे: एक डोळा गिऱ्हाइकावर, एक पोलिसावर, शिटी ऐकू येताच चादरीची चारही टोके उचलून पसार. इंग्रजी आवृत्तीचे नाव झाले ‘द डिसाइसिव्ह मोमेंट’. चोरटेपणा गेला, घाई गेली, आणि जागी आला एक भारदस्त निर्णायक क्षण.

दुभाषी_पुणे

तुमचे उदाहरण मला मान्य आहे, निष्कर्ष नाही. ते इंग्रजी नाव भाषांतर म्हणून केलेलेच नव्हते. पुस्तकाच्या आरंभी कार्दिनाल द रे या जुन्या फ्रेंच धर्मगुरू-लेखकाचे एक वचन आहे, ज्यात ‘मोमां देसिझिफ’ हे शब्द येतात, आणि इंग्रजी नाव तिथून उचललेले आहे. म्हणजे इंग्रजी प्रकाशनाने त्याच पुस्तकातला दुसरा शब्द निवडला. फेरीवाल्याचे ते नाव इंग्रजीत दोन शब्दांत आणता येते, असे मला वाटत नाही. पण खरा गुंता पुढे आहे. इंग्रजी नाव इतके गाजले की, फ्रेंच लेखकही ‘लँस्तां देसिझिफ’ असे सर्रास लिहू लागले. माझ्या मुलाखतीतला कारागीरसुद्धा तोच शब्द वापरतो. त्याचे इंग्रजी करताना मी पुन्हा ‘डिसाइसिव्ह मोमेंट’च लिहिणार, कारण तो इंग्रजीतून उसना आलेलाच शब्द परत करतो आहे.

मूळ शब्द ठेवण्याविषयी असे की, जे शब्द इंग्रजीत राहिले ते राहताना आक्रसले. फ्रेंच माणूस खिडकीपाशी बसून काढलेल्या कोणत्याही पाठमोऱ्या उजेडाच्या फोटोला कोंत्र-जूर म्हणतो. इंग्रजीत तो शब्द आला की, काळी आकृती आणि मागे झगमगाट असे मुद्दाम साधलेले चित्र डोळ्यांसमोर येते. म्हणून मी बहुतेक ठिकाणी साधे ‘बॅकलिट’ लिहिते. कार्त द व्हिझित हा एक ठरावीक आकाराचा, पुठ्ठ्यावर चिकटवलेला फोटो आहे; त्याला दुसरे नाव नाही म्हणून तो ठेवावा. क्लिशे-व्हेर तर ठेवावाच, कारण काचेवर रेखाटून निगेटिव्हसारखे वापरण्याच्या त्या प्रकारात ‘क्लिशे’चा निगेटिव्ह हा जुना अर्थ इंग्रजीतही जिवंत राहिला आहे. माकियाज आणि रपिक यांना मात्र इंग्रजी डार्करूममध्ये रोजचे, राबते शब्द आहेत. ज्या कामाला तिथल्या कारागिराच्या तोंडी शब्द आहे, त्याला तिरप्या अक्षरांत बसवणे म्हणजे कारागिराला उगाच परका करणे होय.

मूळशब्दवादी

‘आक्रसले’ हे पटले. सोव्हेतबद्दल माझी हळहळ कायम आहे.

दुभाषी_पुणे

सर्वांच्या मदतीने ज्या नोंदीपासून सुरुवात केली होती ती आता अशी होते आहे: निगेटिव्ह १९३२, प्रिंट १९५०च्या सुमाराचे, जिलेटिन सिल्व्हर प्रिंट, कार्डावर चिकटवलेले. फ्रेंचमध्ये ‘तिराज आर्जांतिक’ आहे (आर्जां म्हणजे चांदी). इतरत्र ‘फोतो आर्जांतिक’ आले की मी ‘फिल्म फोटोग्राफी’ करते, कारण तिथे डिजिटलच्या विरुद्ध एवढाच आशय असतो. प्रिंटच्या बाबतीत चांदी आलीच पाहिजे, म्हणून ‘जिलेटिन सिल्व्हर’.

अंधारखोली

ताई, १९५०च्या प्रिंटला जिलेटिन सिल्व्हर म्हणायला हरकत दिसत नाही. पण तुमची सूची कुठपासून सुरू होते? मीठ लावलेल्या कागदावरच्या आणि अंड्याच्या बलकाच्या जुन्या प्रिंटमध्येही चांदीच असते. जिलेटिन मात्र नसते. सगळीकडे आर्जांतिक लिहिलेले असेल आणि तुम्ही सगळीकडे जिलेटिन घातले, तर घोटाळा होईल.

खिळेजुळारी

दुरुस्ती: बलक नव्हे, पांढरे.

अंधारखोली

बरोबर, अंड्याचे पांढरे. वय झाले.

दुभाषी_पुणे

काका, सूचीतल्या पहिल्या अकरा नोंदी छायाचित्रकाराच्या आजोबांनी जमवलेल्या जुन्या चित्रांच्या आहेत आणि त्यांच्यापुढेही ‘तिराज आर्जांतिक’ असेच लिहिले आहे. मी त्या अकराही ठिकाणी जिलेटिन घालून बसले होते. आत्ताच ते खोडले आणि संग्रह सांभाळणाऱ्या बाईंना पत्र लिहिले की, कृपया ती अकरा चित्रे पेटीतून काढून उजेडात पाहावीत, पृष्ठभाग चकचकीत आहे की कागदाचे तंतू दिसतात ते कळवावे, आणि शक्य असेल तर भिंगातून काढलेला एकेक फोटो पाठवावा.